एव्हरेटचा विमान कारखाना : सज्ज्यावरून दिसणारा इतिहास

गेल्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्रातील अनेक घरांतील मुले-मुली संगणक व्यवसायाच्या निमित्ताने अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातील सिएटल परिसरात स्थायिक झाली. उन्हाळ्यात त्यांचे आई-वडील तिकडे गेले, की बर्फाच्छादित रेनिअर पर्वत, धबधबे आणि सरोवरे यांच्या जोडीला एक निराळे स्थळ त्यांना आवर्जून दाखविले जाते. ते म्हणजे सिएटलच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरवर एव्हरेट येथे असलेला बोईंग कंपनीचा विमान कारखाना. तिकीट काढून, मार्गदर्शकाच्या सोबतीने, सामान्य माणसाला चालू कारखाना आतून पाहता यावा अशी सोय जगातील फार थोड्या विमान कारखान्यांनी केलेली आहे.

या फेरीचे नियम कडक आहेत. भ्रमणध्वनी, कॅमेरा, हातातील पिशवी हे सारे प्रवेशापूर्वीच कुलूपबंद कपाटात ठेवावे लागते. चार फुटांपेक्षा कमी उंचीच्या बालकांना प्रवेश नाही. अभ्यागत-केंद्रात लहानसा चित्रपट पाहून झाल्यावर मंडळींना बसने कारखान्यापाशी नेतात आणि मग उंचावरील सज्ज्यावरून खालचे काम दाखवितात. छायाचित्र काढण्याची मुभा नसल्यामुळे माणसे तेथे खरोखरच पाहतात, हा या नियमाचा अनपेक्षित लाभ म्हणावा लागेल!

सज्ज्यावर उभे राहताच प्रथम दडपण येते ते इमारतीच्या आकाराचे. घनफळाच्या दृष्टीने ही जगातील सर्वांत मोठी इमारत गणली जाते. तिचे घनफळ सुमारे १ कोटी ३३ लाख घनमीटर असून एका छपराखाली सुमारे ९८ एकर भूमी झाकली गेली आहे. दहा एकरांची बागायत म्हणजे आपल्याकडे भरभक्कम शेत. अशी जवळजवळ दहा शेते येथे एका छताखाली आली आहेत. पुढील बाजूच्या सरकत्या दरवाजांपैकी एकेकाची उंची ऐंशी फुटांहून अधिक आणि रुंदी तीनशे फुटांच्या घरात आहे. विमानाचे अवजड भाग डोक्यावरून वाहून नेणाऱ्या याऱ्या छताखालील रुळांवरून फिरत असतात, तर जमिनीखाली पादचाऱ्यांसाठी भुयारे आहेत. आरंभीच्या काळात या छताखाली चक्क ढग जमत असत, ही आख्यायिका मार्गदर्शक मोठ्या रंगात येऊन सांगतात. डिस्नेलँड आत मावेल आणि तरीही जागा उरेल, ही त्यांची ठरलेली उपमा. अशा उपमांनी मनुष्य थक्क होतो खरा. परंतु ही इमारत येथे का उभी राहिली, हे त्यातून कळत नाही.

तो इतिहास १९६६ सालापासून सुरू होतो. अमेरिकी हवाई दलाच्या प्रचंड मालवाहू विमानाचे कंत्राट बोईंगच्या हातून निसटून १९६५ मध्ये लॉकहीड कंपनीकडे गेले होते. याच सुमारास पॅन ॲमेरिकन या विमान कंपनीचे प्रमुख हुआन ट्रिप यांना तत्कालीन ७०७ विमानाच्या दुपटीहून अधिक प्रवासी नेणारे विमान हवे होते. बोईंगचे अध्यक्ष विल्यम ॲलन यांनी ते बांधून देण्याचे मान्य केले आणि एप्रिल १९६६ मध्ये पॅन ॲमने पंचवीस विमानांची मागणी नोंदविली. या व्यवहाराची किंमत होती साडेबावन्न कोटी डॉलर. विमान अद्याप कागदावर होते, आणि ज्या कारखान्यात ते बांधायचे त्याची जागासुद्धा ठरलेली नव्हती.

पॅन ॲमचे नाव आपल्या उद्योगेतिहासातही एका आडवाटेने येते. सन १९३९ मध्ये सोलापूरचे सुपुत्र शेठ वालचंद हिराचंद अमेरिकेहून परतताना याच कंपनीच्या विमानाने पॅसिफिक महासागर ओलांडत होते. त्या प्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-व्यावसायिकाशी पडली. त्या संभाषणातून हिंदुस्थानात विमाने बांधण्याची कल्पना रुजली आणि डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बेंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. युद्धकाळात, १९४२ मध्ये, ती सरकारने आपल्या ताब्यात घेतली. त्याच रोपट्याचा आज वृक्ष झाला असून हिंदुस्थान एरोनॉटिक्स या नावाने तो सर्वपरिचित आहे. वालचंदांना आपला कारखाना अवघ्या दीड वर्षात सोडावा लागला. ॲलन यांच्यावर मात निराळाच प्रसंग ओढवला.

एव्हरेटजवळील पेन फील्ड विमानतळाला लागून असलेली ७८० एकर भूमी कंपनीने १९६६ च्या उन्हाळ्यात निवडली. ती दाट झाडीची होती. झाडे तोडणे, जमीन सपाट करणे आणि लोहमार्गाचा फाटा आणणे ही सर्व कामे एकदमच काढावी लागली. त्यात पावसाने कहर केला. चिखलात यंत्रे रुतत होती आणि दुसरीकडे अभियंत्यांचे प्रमुख जो सटर यांचा चमू विमानाचे आराखडे पुरे करीत होता. विमानाची पूर्णाकृती लाकडी प्रतिकृती उभारण्याचे काम कारखान्याचे छप्पर पूर्ण होण्याआधीच सुरू झाले होते. घर बांधता बांधताच त्यात लग्न लावण्यासारखा हा प्रकार होता. जानेवारी १९६७ मध्ये पहिले कामगार येथे दाखल झाले आणि ३० सप्टेंबर १९६८ रोजी पहिले ७४७ विमान दरवाजातून बाहेर आले. या साऱ्या खटाटोपात राबलेल्या सुमारे पन्नास हजार लोकांना ‘इन्क्रेडिबल्स’ म्हणजे ‘अचाट मंडळी’ असे नाव पडले. सामान्य जनतेला कारखाना दाखविण्याची प्रथाही १९६८ सालापासूनचीच आहे. जे विमान उडेल की नाही याविषयीच अनेकांना शंका होती, ते पाहण्यास लोक उत्सुक असावेत यात नवल नाही.

९ फेब्रुवारी १९६९ रोजी विमान उडाले. परंतु संकट टळले नव्हते. नव्या इंजिनांत दोष निघाले, त्यांचा पुरवठा रखडला. तयार झालेली विमाने इंजिनांविना मैदानात उभी राहू लागली. इंजिनांचे वजन नसल्याने तोल बिघडू नये म्हणून त्यांच्या पंखांना काँक्रीटचे ठोकळे टांगून ठेवले होते. जगातील सर्वांत आधुनिक विमानांची रांग आणि पंखांना काँक्रीट! बँकांच्या कर्जाचा बोजा चढत होता, विमान कंपन्यांकडून नव्या मागण्या जवळजवळ थांबल्या होत्या, आणि मार्च १९७१ मध्ये ध्वनीहून वेगवान प्रवासी विमानाच्या प्रकल्पाचा पैसाही अमेरिकी संसदेने बंद केला. १९६७ साली एक लाखाच्या वर असलेली सिएटल परिसरातील बोईंगच्या कर्मचाऱ्यांची संख्या एप्रिल १९७१ पर्यंत ३९ हजारांच्या खाली आली. शहर सोडून जाणारा शेवटचा मनुष्य कोण, त्याने जाताना दिवे मालवावेत, अशा आशयाचा फलक त्या महिन्यात विमानतळाजवळ झळकला होता. ‘अचाट’ म्हणून गौरविलेल्यांपैकी कित्येकांच्या हाती नोकरी संपल्याचा कागद पडला. हे प्रकरण रंगविण्यास ढगांची आख्यायिका सांगण्याइतके सोपे नाही. तथापि सज्ज्यावरून खाली पाहताना ज्याला हे ठाऊक आहे, त्याला तेथील प्रत्येक रिकामी जागा वेगळी दिसते.

ज्या वर्षी सिएटलमध्ये तो फलक लागला, त्याच १९७१ साली एव्हरेटला बांधलेले पहिले जम्बो जेट एअर इंडियाच्या सेवेत आले. ‘एम्परर अशोक’ असे त्याचे नाव. खिडक्यांभोवती झरोक्यांच्या कमानी रंगविलेले ते विमान ‘आकाशातील महाल’ म्हणून जाहिरातींतून मिरवत असे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री तेच विमान मुंबईहून दुबईसाठी उडाल्यानंतर काही क्षणांतच वांद्र्यासमोरील समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्वच्या सर्व २१३ जण प्राणास मुकले. ज्येष्ठ वाचकांना दुसऱ्या दिवशीच्या सकाळची वृत्तपत्रे आठवत असतील.

कारखाना मात्र सावरला. ७६७ आणि पुढे ७७७ या विमानांसाठी इमारत दोनदा वाढविण्यात आली. त्यानंतर आलेल्या ७८७ विमानाने कामाची रीतच पालटली. या विमानाचे धड ॲल्युमिनियमच्या पत्र्यांऐवजी मुख्यत्वे कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याचे असून त्याचे मोठमोठे भाग निरनिराळ्या देशांत तयार होत. पंख जपानमधील नागोयाहून येत. ते आणण्यासाठी काही जुनी ७४७ विमाने फुगीर पोटाची करून घेतली होती. एव्हरेटला उरली ती जुळणी. या विमानाच्या ७८७-९ या प्रकारासाठी लागणाऱ्या संमिश्र द्रव्याच्या तळतुळया नागपूरच्या मिहान क्षेत्रातील टाटा समूहाच्या कारखान्यात तयार झाल्या, ही गोष्ट मराठी पाहुण्यांपैकी फार थोड्यांना माहीत असते. प्रवाशाच्या पायाखालचे लाकूडकाम म्हणावे तसे हे काम. दिसत मात्र कोणालाच नाही.

दिसणे आणि असणे यांतील अंतराचा धडा याच कारखान्याने जगाला दिला. ८ जुलै २००७ रोजी हजारो निमंत्रितांच्या टाळ्यांच्या गजरात पहिले ७८७ विमान प्रकट झाले. रंगरंगोटी झळाळत होती, पण आतून ते जवळजवळ पोकळ होते. उड्डाणाच्या यंत्रणा बसविलेल्या नव्हत्या आणि ठिकठिकाणी तात्पुरत्या खिळ्यांवर सांगाडा उभा होता. अमेरिकी पद्धतीने महिना, दिवस आणि वर्ष लिहिले असता सात, आठ, सात असे आकडे जुळत होते. तो मुहूर्त साधण्याचा हा अट्टाहास. मुहूर्तासाठी कच्च्या घराची वास्तुशांत उरकणारे यजमान आपल्याकडेही कमी नाहीत! ते विमान प्रत्यक्षात उडाले १५ डिसेंबर २००९ रोजी. पुढे धडाच्या भागांच्या सांध्यांत पाच हजारांश इंचाहून, म्हणजे सुमारे केसाच्या जाडीहून, अधिक फटी राहिल्याचे आढळले आणि २०२१-२२ मध्ये वर्षाहून अधिक काळ या विमानांचे वितरण जवळपास ठप्प झाले. सज्जा चाळीस-पन्नास फूट उंच असो वा दहा फूट, तेथून केसाएवढी फट दिसणे शक्य नाही. ती पाहायची असते ती खाली उभ्या असलेल्या कारागिराने आणि त्याच्या कामावर शिक्कामोर्तब करणाऱ्या तपासनिसाने. पाहुण्यांसाठी दरवाजे उघडणाऱ्या कंपनीचे कौतुक जरूर व्हावे, परंतु पाहुण्यांच्या डोळ्यांना त्या तपासनिसाची जागा घेता येत नाही.

७८७ ची एव्हरेट येथील जुळणी २०२१ मध्ये थांबून ती पूर्णतः दक्षिण कॅरोलायना राज्यात गेली. त्यापूर्वीच, मार्च २०२० मध्ये, महामारीमुळे कारखान्याची फेरी बंद पडली होती. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात पाहुण्यांच्या नजरेआड एक मोठी घटना घडून गेली. ६ डिसेंबर २०२२ च्या रात्री शेवटचे ७४७ त्या भव्य दरवाजातून बाहेर पडले. ते १,५७४ वे होते. ३१ जानेवारी २०२३ रोजी ते ॲटलास एअर या मालवाहू कंपनीकडे सुपूर्द झाले, त्या वेळी आजी-माजी कर्मचारी हजारोंच्या संख्येने जमले होते. जो सटर यांचे २०१६ मध्येच वयाच्या ९५ व्या वर्षी निधन झाले होते.

त्यानंतर सव्वा वर्षाने, २२ एप्रिल २०२४ रोजी, एअर इंडियाचे ‘आग्रा’ नावाचे जम्बो मुंबईहून अमेरिकेकडे निघाले. सुटे भाग काढण्यासाठी ते विकले गेले होते. धावपट्टी सोडल्यावर वैमानिकाने पंख एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे झुकविले आणि विमान पश्चिमेकडे वळले.