मॅग्नेशियम : मातीपासून माणसापर्यंत
(प्रस्तावना)

मोहगाव परिसरातल्या शेतकऱ्याची मॅग्नेशियमशी ओळख कपाशीमुळे होते. पाने लाल पडू लागली की ‘लाल्या आला’ म्हणतात आणि मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी होते. लाल्यामागे नत्राची उणीव, पाण्याचा ताण, तुडतुडे अशी बरीच कारणे असतात. मॅग्नेशियमची कमतरता हे त्यांतले महत्त्वाचे. संत्र्याची जुनी पाने पिवळी पडून देठाजवळ तेवढा हिरवा त्रिकोण उरला, तर तिथेही पहिला संशय याच मूलद्रव्यावर जातो. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू असतो, म्हणून त्याची उणीव पानावर दिसते. माणसाच्या शरीरातली उणीव इतक्या सहज दिसत नाही. ती ओळखायची कशी आणि टाळायची कशी, हा या ग्रंथाचा विषय आहे.

या अभ्यासाला मोहगावभोवतीचा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख फार अनुकूल आहे. भूशास्त्रात ‘सौंसर गट’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या खडकांत मँगनीजचे साठे आहेत, तसाच डोलोमाइटयुक्त संगमरवरही आहे. मँगनीज हे वेगळे मूलद्रव्य. डोलोमाइट मात्र कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे कार्बोनेट. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीतही कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दोन्ही असतात.

प्राण्यांना मॅग्नेशियम आहारातून मिळालेच पाहिजे, हे विसाव्या शतकात सिद्ध झाले. 1926 मध्ये लरॉय यांनी उंदरांवर आणि 1932 मध्ये मॅकॉलम व सहकाऱ्यांनी मोठ्या जातीच्या उंदरांवर (रॅट) केलेले प्रयोग त्यासाठी निर्णायक ठरले. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे 25 ग्रॅम मॅग्नेशियम असते. त्यातले निम्म्याहून अधिक हाडांत, उरलेले बहुतेक स्नायू व इतर पेशींत. रक्तद्रवात एक टक्क्याहूनही कमी. पेशींना ऊर्जा पुरवणारे एटीपी मॅग्नेशियमशी जोडले गेल्यावरच कामाला येते, आणि तीनशेहून अधिक विकरे त्याच्यावर अवलंबून आहेत. रक्तातली पातळी घसरू लागली की मूत्रपिंड काटकसर करते, हाडांची कोठी उघडते. त्यामुळे रक्ताचा अहवाल ठीक असूनही साठा कमी असू शकतो. या शास्त्रातली ही सर्वांत मोठी अडचण आहे.

प्रौढाची रोजची गरज साधारण 300 ते 440 मिलिग्रॅम. ज्वारीत 100 ग्रॅममागे सुमारे 130 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असते, तर पॉलिश केलेल्या तांदळात 20 च्या आसपास. गव्हाचा मैदा करताना कोंड्याबरोबर बहुतेक मॅग्नेशियम निघून जाते. म्हणजे ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हिरवी पालेभाजी आणि तिळाची किंवा जवसाची चटणी हे आपले जुने जेवण या बाबतीत भक्कम आहे. धान्य-कडधान्यांतले फायटेट मॅग्नेशियमला अडकवून ठेवते, पण भिजवणे, मोड आणणे, आंबवणे यांनी ती अडवणूक कमी होते. रेशनचा तांदूळ आणि मैद्याची बिस्किटे ताटात वाढत असताना या हिशेबाकडे दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही.

वैद्यकातही या क्षाराचे मोल मोठे आहे. 33 देशांतल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या ‘मॅगपाय’ चाचणीने 2002 मध्ये दाखवून दिले की, गर्भावस्थेत रक्तदाब वाढलेल्या, प्री-एक्लॅम्प्सिया झालेल्या स्त्रियांना मॅग्नेशियम सल्फेट दिल्यास झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो. मधुमेह, दीर्घकाळचे जुलाब, दारूचे व्यसन, लघवी वाढवणारी काही औषधे आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या आम्लतेच्या गोळ्या यांनी मॅग्नेशियम घटते. मूत्रपिंड निकामी होत असलेल्यांच्या शरीरात मात्र ते साचून जिवावर बेतू शकते. रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकार यांच्याशी असलेल्या त्याच्या नात्यावर संशोधन चालू आहे. जिथे पुरावा अपुरा आहे, तिथे पुढील प्रकरणांत तसे स्पष्ट म्हटले आहे.

विद्यार्थी, आशाताई, डॉक्टर, शेतकरी आणि स्वयंपाकघर सांभाळणारे अशा सर्वांचे या विषयात मनापासून स्वागत आहे. ज्यांना रसायनशास्त्राची धास्ती वाटत असेल, त्यांनी आहाराच्या प्रकरणापासून सुरुवात करावी. एकच विनंती : हे वाचून गोळी विकत घेण्याआधी आपले ताट तपासा, आणि मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मॅग्नेशियमची गोळी घेऊ नका.