रुग्ण-मॉनिटरच्या अलार्मचा इतिहास

विद्यार्थी मित्रांनो, अतिदक्षता विभागातील मॉनिटरचा आवाज आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकला आहे. या पाठात आपण दोन प्रश्न पाहणार आहोत. या अलार्मची गरज का निर्माण झाली? आणि जीव वाचवणारे हे साधन स्वतःच धोक्याचे कारण कसे ठरले?

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वसनयंत्रे अपुरी होती. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सुचवलेल्या पद्धतीनुसार वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने खाटेजवळ बसून रबरी पिशवी हाताने दाबत आणि रुग्णाला श्वास देत. येथे लक्ष ठेवणारा माणूसच होता आणि तो एकाच रुग्णाजवळ होता, हे ध्यानात घ्या.

पुढच्या दशकात ही स्थिती बदलली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर हृदयाची लय अचानक बिघडते. काही मिनिटांत विद्युत झटका दिला, तर रुग्ण वाचू शकतो. म्हणून १९६१ मध्ये डेस्मंड ज्युलियन यांनी हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र विभागाची कल्पना मांडली आणि १९६२ मध्ये अमेरिकेतील कॅन्सस शहरात ह्यूजेस डे यांनी असा विभाग सुरू केला. हृदयाचा आलेख आता पडद्यावर सतत दिसू लागला. अलार्ममुळे एका परिचारिकेला अनेक रुग्णांवर लक्ष ठेवता येऊ लागले.

१९७४ मध्ये जपानच्या ताकुओ आओयागी यांनी पल्स ऑक्सिमेट्रीचे तत्त्व मांडले. पुढे रक्तातील ऑक्सिजन, रक्तदाब, श्वसन अशी मापे एकाच मॉनिटरवर आली. प्रत्येक मापाची वरची आणि खालची मर्यादा असते, म्हणजेच प्रत्येकाचा स्वतंत्र अलार्म! रुग्णाने हात हलवला किंवा इलेक्ट्रोड सुटला, तरी तो वाजतो. वारंवार खोटे अलार्म ऐकून खऱ्या अलार्मकडेही दुर्लक्ष होते. यालाच ‘अलार्म-थकवा’ म्हणतात.

२००३ मध्ये आयईसी ६०६०१-१-८ या आंतरराष्ट्रीय मानकाने अलार्मचे प्राधान्यक्रम ठरवून दिले: तातडीच्या धोक्याला लुकलुकणारा लाल दिवा, मध्यम धोक्याला पिवळा. तरीही प्रश्न सुटला नाही. अमेरिकेच्या ‘जॉइंट कमिशन’ने २०१३ मध्ये दिलेल्या इशाऱ्यानुसार, जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ घटनांची नोंद झाली. त्यांपैकी ८० घटनांत रुग्णाचा मृत्यू झाला.

यातून काय शिकायचे? पहिली गोष्ट, मर्यादा रुग्णानुसार ठरवायच्या. नियमित धावणाऱ्या तरुणाची नाडी विश्रांतीत ५० च्या खाली असू शकते. यंत्राची मूळ मर्यादा तशीच ठेवली तर अलार्म उगाच वाजत राहील. मात्र हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि रुग्णालयाच्या नियमांनुसारच करावा. दुसरी गोष्ट, आवाज थांबवण्यापूर्वी रुग्णाकडे पाहायचे. आवाज तात्पुरता थांबवणे आणि अलार्म कायमचा बंद करणे यांत मोठा फरक आहे. तिसरी गोष्ट, इलेक्ट्रोड वेळेवर बदलायचे आणि पाळी बदलताना अलार्मच्या मर्यादा पुढच्या सहकाऱ्याला सांगायच्या.

कोपनहेगनच्या विद्यार्थ्याला अलार्म लागला नाही, कारण त्याच्याकडे एकच रुग्ण होता. आजच्या परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत? अलार्म-सुरक्षेची चर्चा करताना हा प्रश्न टाळता येईल का, याचा विचार करा.