सरस्वतीबाईंची चादर आणि आजोबांचं धोतर

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरा, कारण विषय उजेडाचा आहे आणि उजेड कानात सांगायचा म्हणजे जरा अवघडच. गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारलाय: घरात व्हिडिओ करायचाय, स्वस्तातला लाइट कोणता घेऊ? मी दिवसा कोड लिहितो आणि रात्री इतिहास सांगतो, लाइटच्या दुकानात बसत नाही. पण हा प्रश्न माझ्याच घरात आला, त्यात माझे अकराशे रुपये बुडाले, आणि उत्तर शोधत मी थेट 1912 सालच्या दादरला जाऊन पोचलो.

तर झालं असं. माझी आजी, म्हणजे आईची आई, 82 वर्षांची आहे. पाटण तालुक्यातली. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि माझी आई तिच्या कुशीत होती. त्या रात्रीबद्दल आजी आजवर तुकड्यातुकड्यांत बोलली आहे. भाजी निवडताना एक वाक्य, गाडीत बसल्यावर एक वाक्य. मला ते सलग हवं होतं, तिच्या तोंडून आणि तिच्या चेहऱ्यासकट. अलीकडे ती नावं विसरायला लागली आहे, त्यामुळे पुढच्या दिवाळीला बघू म्हणायची सोय राहिली नव्हती.

पहिल्यांदा तिला नेहमीच्या खुर्चीत बसवलं. खुर्ची खिडकीला पाठ करून आहे. चाळीस मिनिटं ती छान बोलली, आणि नंतर बघतो तर खिडकी लख्ख आणि आजी म्हणजे नुसती काळी आकृती. फोन सगळ्या चौकटीतल्या उजेडाचा हिशेब करतो. खिडकीच इतकी उजळ असेल तर चेहरा अंधारात जाणारच. दुसऱ्या वेळी रिंग लाइट आणला, दहा इंची, तिपाईसकट. तो चालू केला आणि आजीने डोळेच मिटले. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. "बंद कर बाबा ते, डोळ्यांत टोचतंय," म्हणाली. तीन वाक्यं कशीबशी बोलली आणि उठून आत गेली.

त्या रात्री मी सवयीप्रमाणे इतिहासात घुसलो. ज्यांच्याकडे दिवेच नव्हते, त्यांनी काय केलं?

सिनेमाच्या सुरुवातीला दिवे हा पर्यायच नव्हता. होता तो सूर्य. एडिसनच्या कंपनीने 1893 मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट ऑरेंजला स्टुडिओ बांधला, 637 डॉलरमध्ये. आतून-बाहेरून काळा, डांबरी कागदाने मढवलेला. त्याचं छप्पर उघडायचं आणि अख्खी इमारत गोल रुळावर फिरायची. सूर्य सरकला की माणसं स्टुडिओ ढकलून त्याच्याकडे वळवायची! उजेड माणसाकडे येत नसेल तर घरच उजेडाकडे न्या. मी मात्र आजीची खुर्चीसुद्धा वळवली नव्हती.

पण तिथलं ऊन थेट पडायचं, कडक. पुढची पायरी फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने गाठली. त्याने 1897 मध्ये पॅरिसजवळ मोंत्रॉयला काचेचा स्टुडिओ उभारला. भिंती काचेच्या, छप्पर काचेचं, आणि त्यातली बरीचशी काच दुधी. शिवाय उन्हाचा मारा कमी करायला कापड ताणायची सोय. म्हणजे सिनेमाची पहिली काही वर्षं सरतात न सरतात तोच कळलं होतं की नुसता भरपूर उजेड उपयोगाचा नाही, तो पसरला पाहिजे.

आता दादरला येऊ. दादासाहेब फाळके 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा घेऊन परतले आणि दादरच्या बंगल्यात 'राजा हरिश्चंद्र'चं काम सुरू झालं. या माणसाचे डोळे आधीच एकदा दगावले होते. सिनेमाच्या वेडापायी त्यांनी डोळ्यांवर इतका ताण दिला की काही काळ दिसेनासं झालं, उपचारांनी नजर परत आली. चित्रीकरणाला विजेचे दिवे नव्हते, सगळं उन्हात. आणि आपल्याकडचं ऊन म्हणजे वरून कोसळणारं. दुपारी बारा वाजता कुणाचाही फोटो काढून बघा, डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात.

इथे सरस्वतीबाई फाळके येतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तकात दादासाहेब भेटले होते, या बाई भेटल्या नव्हत्या, आणि त्याचा मला आता खरंच राग येतो. सरस्वतीबाई चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहायच्या, म्हणजे ऊन चादरीवर पडून, मऊ होऊन, नटांच्या चेहऱ्यावर परत यायचं. आज याला रिफ्लेक्टर म्हणतात. याच बाई रात्री अंधारात बसून कोऱ्या फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या, फिल्म धुवायला रसायनं कालवायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही बघायच्या. 3 मे 1913 ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला. त्यातले जे चेहरे लोकांना दिसले, ते दिसावेत म्हणून एक बाई चादर घेऊन उन्हात तापली होती.

पुढे पाश्चात्त्य स्टुडिओत विजेचे दिवे आले आणि नव्या भानगडी झाल्या. पीटर कूपर हेविटने 1901 मध्ये पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याचं पेटंट घेतलं. लांब काचेच्या नळ्या, हिरवट-निळा उजेड, त्यात लाल रंग जवळजवळ नाहीच. त्याखाली माणूस मेल्यासारखा दिसायचा. पण त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता, त्यामुळे कॅमेऱ्याचं काही बिघडत नव्हतं! लाल ओठ मात्र पडद्यावर काळे यायचे, म्हणून नटांचे मेकअप चित्रविचित्र असायचे. हा लाल रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग कार्बन आर्क. दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची, भयंकर प्रखर. न्यूयॉर्कच्या क्लीगल बंधूंच्या दिव्यांवरून 'क्लीग आय' असं एका दुखण्याचंच नाव पडलं. डोळे लाल, सुजलेले, सतत पाणी, वाळू गेल्यासारखं टोचणं. कारण त्या उजेडातली अतिनील किरणं. उपाय साधा होता, दिव्यापुढे काच लावायची, पण तोवर बऱ्याच नटनट्यांनी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांवर पट्ट्या ठेवून दिवस काढले. माझ्या रिंग लाइटमधून अतिनील किरणं येत नव्हती, त्याची तुलना करायची नाही. पण वाचताना मला आजीचे मिटलेले डोळे दिसत होते. समोर बसलेल्या माणसाला उजेड कसा लागतोय, हे मी विचारलंच नव्हतं.

बोलपट आल्यावर वेगळंच त्रांगडं झालं, कारण आर्कचा आवाज माइकमध्ये यायचा. हॉलीवूडमध्ये 1928 मध्ये साध्या तारेच्या मोठ्या बल्बांच्या रीतसर चाचण्या झाल्या. ते बल्ब मुके होते. आपल्याकडे 'आलम आरा'चं (1931) बरंचसं चित्रीकरण रात्री झालं, कारण स्टुडिओजवळून रेल्वे जायची. आमच्या खिडकीखालून रिक्षा जातात, त्यामुळे अर्देशीर इराणींविषयी मला फार आपुलकी आहे.

आणि आता माझा सगळ्यात आवडता माणूस: सुब्रत मित्र. सत्यजित राय यांचे छायाचित्रकार. 'पथेर पांचाली' सुरू केला तेव्हा त्यांनी त्याआधी एकही सिनेमा चित्रित केला नव्हता. 'अपराजितो' (1956) मध्ये बनारसमधलं एक घर आहे, मधे चौक असलेलं. आपल्या जुन्या वाड्यांसारखंच. अशा चौकात ऊन थेट खाली पोचत नाही. वरच्या आभाळाच्या तुकड्यातून उजेड झिरपतो, आणि त्या उजेडाला सावलीच नसते. पण हे घर कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. तिथले दिवे लावले की प्रत्येक माणसाच्या तीन-चार सावल्या भिंतीवर. मित्रांनी राय आणि कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांच्याशी वाद घातला की चौकातला तो उजेड स्टुडिओत आणणं शक्य नाही, पण उपयोग झाला नाही. मग पंचविशीतल्या मित्रांनीच सेटच्या वर चौकटीत पांढरं कापड ताणलं आणि सगळे दिवे खालून त्या कापडावर मारले. माणसांवर एकही दिवा थेट नाही. कापडाचं आभाळ झालं आणि सावल्या गेल्या.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटून बराच वेळ छताकडे बघत बसलो. पांढरं छत. भाड्याच्या घरात मालकाने दिलेली एकमेव चांगली गोष्ट.

यामागचं गणित साधं आहे. उजेड कडक की मऊ, हे दिवा किती वॅटचा यावर ठरत नाही, तर चेहऱ्यावरून बघितलं तर तो केवढा मोठा दिसतो यावर ठरतं. सूर्य अवाढव्य आहे, पण आपल्याला दिसतो टिकलीएवढा, म्हणून सावली धारदार. ढग आले की अख्खं आभाळ दिवा होतं आणि सावली विरघळते. दहा इंची रिंग पाच फुटांवर ठेवली तर ती टिकलीच आहे. तेच चार फुटी पांढरं कापड तीन फुटांवर टांगलं तर ते आभाळ आहे. मात्र कापडावरून किंवा कापडातून येताना बराच उजेड वाया जातो. मित्रांना त्यासाठी स्टुडिओचे दिवे जाळावे लागले. आपल्याला लागत नाहीत, ते एलईडीमुळे.

निळा एलईडी हे अनेक वर्षं न सुटलेलं कोडं होतं. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी ते सोडवलं, त्यांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्या एलईडीवर पिवळं चकाकणारं रसायन चढवलं की पांढरा उजेड मिळतो. आपल्याकडे जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी बल्ब एकदम विकत घेतले, आणि खरेदीचा भाव 2014 मधल्या 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. माझ्या मते आपल्याकडे घरोघरी व्हिडिओ व्हायला स्वस्त डेटाइतकाच हा बल्बही कारणीभूत आहे, पण त्याचं नाव कुणी घेत नाही.

आता तो लाल रंग. जुनी फिल्म लाल बघत नव्हती; स्वस्त एलईडी लाल देत नाही. निळा आणि पिवळा भरपूर, गडद लाल कमी. रिंग लाइटमध्ये आजीचं विटकरी इरकल तपकिरी दिसत होतं आणि चेहरा आजारी. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, रंग किती खरे दिसतील त्याचा. 80 चालतो, 90 मिळाला तर घ्या. पण हा आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असते, गडद लाल त्यात धरतच नाहीत. म्हणून दुकानात बल्ब लावून खाली स्वतःचा तळहात धरा. तळहात गुलाबी दिसला तर घ्या, राखाडी दिसला तर ठेवून द्या.

दुसरी परीक्षा लुकलुकण्याची. आपली वीज 50 हर्ट्‌झची, त्यामुळे हलक्या प्रतीचा बल्ब सेकंदाला 100 वेळा उजळतो-मंदावतो. डोळ्याला कळत नाही, फोनला कळतं, आणि व्हिडिओत काळे पट्टे सरकतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की बहुतेकदा जातात. तरी राहिले तर बल्ब परत करा.

मी घेतले 20 वॅटचे दोन बल्ब, दोन्ही एकाच छटेचे, आणि कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनकडून दोन होल्डर वायरसकट. 640 रुपये. कापड शोधताना आईने कपाटातून आजोबांचं धोतर काढून दिलं. आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. धुऊन धुऊन विरळ झालेलं सुती धोतर, यापेक्षा चांगलं कापड मला तरी मिळालं नसतं. खोलीत दोरी बांधून ते आजीच्या डाव्या बाजूला, तीन फुटांवर, एकपदरी टांगलं. बल्ब त्याच्यामागे दोन फुटांवर. (घरात जुना हॅलोजन असेल तर हा उद्योग करू नका, तो भयंकर तापतो, कापड पेटेल.) उजवीकडची भिंत पांढरीच होती, तिने उरलेला उजेड परत फेकला. पडदे लावले, छतावरचा पिवळा दिवा बंद केला, नाहीतर अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा होतो.

आजी येऊन बसली. धोतराकडे बघितलं. "ह्यांचं हाय न्हवं?" एवढंच म्हणाली. डोळे उघडे होते.

मग ती एक तास दहा मिनिटं बोलली. मधे फ्रिज दोनदा घुरघुरला आणि एकदा कुकरची शिट्टी झाली, ते सगळं रेकॉर्ड झालंय. चौतीसाव्या मिनिटाला ती त्या पहाटेपाशी येते. घर हाललं, कोनाड्यातली चिमणी खाली पडून विझली, आणि काळोखात भिंतीची माती अंगावर आली. पोरगी रडायची थांबली होती. "दिसत कायबी न्हवतं," आजी म्हणते, आणि दोन्ही हात पुढे करून हवेत चाचपडते, अगदी तसंच. "आधी पाय लागला हाताला. एवढासा. गरम व्हता." हे सांगताना ती माझ्याकडे किंवा फोनकडे बघत नाही, आईकडे बघते. आई दारात उभी होती. तिने हे पहिल्यांदाच ऐकलं.

आई चौकटीत नाहीये. तिच्यापर्यंत उजेड पोचला नव्हता. पुढच्या वेळी धोतर थोडं मागे सरकवून दोघींना शेजारी बसवणार आहे.