घटस्फोटितांची प्रौढ मुले आणि चर्चची शुश्रूषा

घटस्फोटाचा दावा न्यायालयात निकाली निघतो तेव्हा पोटगी ठरते, घर आणि ठेवींची वाटणी होते आणि मुलांचा ताबा कोणाकडे राहील हेही निश्चित होते. मूल सज्ञान झाले की ताब्याचा प्रश्नही उरत नाही. कायद्याच्या लेखी प्रकरण तेथे मिटते. त्या मुलाच्या लेखी ते कधी मिटते, हा प्रश्न मात्र समाजशास्त्राने उशिरा विचारला आणि धर्मसंस्थांनी त्याहून उशिरा. अमेरिकेतील कॅथलिक चर्चमध्ये अलीकडच्या काळात याच प्रश्नाभोवती एक स्वतंत्र सेवाकार्य उभे राहिले आहे. आईवडील विभक्त झालेली, पण आता स्वतः वयाने प्रौढ असलेली माणसे हा त्याचा विषय. ‘लाइफ-गिव्हिंग वून्ड्स’, म्हणजे ‘जीवनदायी जखमा’, हे त्यातील सर्वांत परिचित नाव.

एका कायद्याची पिढी

या सेवाकार्याची मुळे अमेरिकेच्या कौटुंबिक कायद्यात शोधावी लागतात. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाचे तत्कालीन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी एका कायद्यावर स्वाक्षरी केली आणि १ जानेवारी १९७० पासून तो अमलात आला. व्यभिचार, क्रौर्य यांसारखा जोडीदाराचा दोष सिद्ध न करताही विवाह संपुष्टात आणण्याची मुभा त्याने दिली. इतर राज्यांनी हा मार्ग क्रमाक्रमाने स्वीकारला. न्यूयॉर्कने तो सर्वांत शेवटी, २०१० मध्ये पत्करला. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील घटस्फोटांचे प्रमाण दर हजार लोकसंख्येमागे पाचाच्या वर गेले होते. त्या काळात दरवर्षी दहा लाखांहून अधिक मुलांचे आईवडील विभक्त होत होते. पुढे हे प्रमाण बरेच उतरले. २०२२ मध्ये ते हजारी २.४ होते. परंतु त्या लाटेत वाढलेली मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांतील अनेकांना स्वतःची मुले आहेत आणि दोन वेगवेगळ्या घरांत राहणारे वृद्ध आईवडीलही.

आईवडील सुखी झाले की मुलेही सुखी होतात, मुले लवचिक असतात, वर्षा-दोन वर्षांत सावरतात, असा त्या काळातील सर्वसाधारण समज होता. तो सर्वस्वी खोटा नव्हता. नित्याच्या मारहाणीतून सुटलेल्या मुलासाठी घटस्फोट ही सुटकाच असते. मात्र सर्वच घरांना हा न्याय लावता येत नाही, हे हळूहळू लक्षात येऊ लागले.

संशोधकांतील वाद

मानसशास्त्रज्ञ ज्युडिथ वॉलरस्टीन यांनी १९७१ पासून कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यातल्या ६० कुटुंबांतील १३१ मुलांचा मागोवा घेतला. पंचवीस वर्षांनंतरचे निष्कर्ष सांगणारे त्यांचे पुस्तक २००० मध्ये सहलेखिकांसह प्रसिद्ध झाले. घटस्फोटाचा सर्वांत खोल परिणाम बालपणी दिसत नाही. मूल मोठे होऊन प्रेमात पडते, लग्नाचा विचार करू लागते, तेव्हा तो वर येतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. नाते तुटेलच या धास्तीने ते जोडायलाच कचरणे, किंवा एकटेपणाच्या भीतीने चुकीच्या व्यक्तीला घट्ट धरून ठेवणे, ही त्याची दोन टोके.

या अभ्यासावर टीकाही झाली. नमुना लहान होता, एकाच सधन परगण्यातला होता आणि आरंभी तुलनेसाठी एकसंध कुटुंबांचा गट नव्हता. मेव्हिस हेदरिंग्टन यांनी सुमारे १,४०० कुटुंबांच्या दीर्घ अभ्यासावर आधारलेले पुस्तक २००२ मध्ये प्रसिद्ध केले. गंभीर भावनिक वा सामाजिक अडचणी असणाऱ्यांचे प्रमाण घटस्फोटितांच्या मुलांत २० ते २५ टक्के, तर एकसंध कुटुंबांतील मुलांत १० टक्क्यांच्या आसपास, असे त्यांना आढळले. म्हणजे धोका दुपटीहून अधिक असला, तरी बहुसंख्य मुले जीवनात नीट उभी राहतात.

या वादातून एक महत्त्वाचा भेद पुढे आला. माणूस व्यवस्थित नोकरी करतो, संसार करतो, याचा अर्थ त्याला दुःख नाही असा होत नाही. एलिझाबेथ मार्क्वार्ट यांनी समाजशास्त्रज्ञ नॉरव्हल ग्लेन यांच्यासमवेत १,५०० तरुण-तरुणींची पाहणी केली व तिच्यावर आधारित पुस्तक २००५ मध्ये लिहिले. भांडणतंटा न करता, सामंजस्याने झालेल्या घटस्फोटातही दोन घरांच्या दोन रीती, दोन सत्ये आणि दोन निष्ठा यांचा मेळ घालण्याचे काम मुलावरच येऊन पडते, हे त्यांनी दाखवले. एरवी ते काम आईवडिलांचे असते. याच पाहणीतील एक निष्कर्ष धर्मसंस्थांना अस्वस्थ करणारा होता. घटस्फोटाच्या वेळी नियमित प्रार्थनास्थळी जाणाऱ्या मुलांपैकी दोन-तृतीयांश जणांनी सांगितले, की त्या काळात धर्मगुरू किंवा उपासक-मंडळींपैकी कोणीही त्यांची विचारपूस केली नाही.

राहून गेलेला गट

कॅथलिक चर्च या क्षेत्रात निष्क्रिय होते असे नाही. पती वा पत्नीच्या मृत्यूने किंवा घटस्फोटाने एकट्या पडलेल्यांसाठी ‘बिगिनिंग एक्स्पीरियन्स’ हा उपक्रम टेक्सासमध्ये १९७४ साली सुरू झाला. मोडकळीस आलेले संसार सावरण्यासाठी ‘रेत्रुव्हाय’ ही चळवळ १९७७ मध्ये कॅनडातील क्युबेक प्रांतात जन्मली. लहान मुलांना विरहदुःखात आधार देणारा ‘रेनबोज’ हा कार्यक्रम १९८३ पासून शिकागो परिसरात उभा राहिला. दांपत्यांसाठी, घटस्फोटितांसाठी आणि बालकांसाठी अशी सोय झाली. पंचवीस-तीस वर्षांच्या, वरकरणी सुस्थितीत असलेल्या मुलासाठी मात्र काहीच नव्हते. त्याला गरज आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

हे चित्र गेल्या दशकात बदलू लागले. २०१७ मध्ये लीला मिलर यांनी घटस्फोटितांच्या ७० प्रौढ मुलामुलींची मनोगते संकलित केली. त्याच वर्षी मार्गारेट मॅकार्थी यांनी संपादित केलेला, ‘चांगला घटस्फोट’ या कल्पनेची चिकित्सा करणारा निबंधसंग्रह प्रसिद्ध झाला. वॉशिंग्टन परिसरात डॅनिअल आणि बेथनी मिओला या दांपत्याने ‘लाइफ-गिव्हिंग वून्ड्स’ची उभारणी केली. डॅनिअल हे स्वतः घटस्फोटित आईवडिलांचे पुत्र असून विवाह व कुटुंब यांच्या धर्मशास्त्राचे अभ्यासक आहेत. या दोघांनी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक २०२३ मध्ये इग्नेशियस प्रेसने प्रकाशित केले.

कामाची पद्धत

या सेवाकार्याचा कणा म्हणजे ‘रिट्रीट’, अर्थात प्रार्थना-चिंतनाचे शिबिर. काही शिबिरे शनिवार-रविवारला जोडून निवासी असतात, तर काही इंटरनेटवरून अनेक आठवडे चालतात. त्यानंतर स्थानिक आधारगटांमधून संवाद सुरू राहतो. ज्यांचे आईवडील कधी विवाहबद्धच झाले नव्हते, अशांनाही येथे प्रवेश आहे.

शिबिराची पहिली पायरी मौन मोडण्याची. अशा घरांतील मुलांना लहानपणीच एक अलिखित नियम कळलेला असतो. आईपुढे बाबांची आठवण काढायची नाही, बाबांपुढे आईच्या अडचणी सांगायच्या नाहीत. आपण दुःखी आहोत असे म्हटले तर त्यांच्या निर्णयाला दोष दिल्यासारखे होईल, म्हणून दुःखही दाखवायचे नाही. ही सवय इतकी मुरते, की तिशीतल्या माणसालाही ‘मला वाईट वाटले होते’ हे साधे वाक्य उच्चारणे जड जाते. म्हणून येथील व्याख्याते व गटप्रमुख बहुधा स्वतः त्याच अनुभवातून गेलेले असतात. त्यापुढे स्वतःची ओळख, परमेश्वरावरील विश्वास, प्रेमाविषयीची भीती, राग आणि क्षमा असे विषय येतात. व्याख्यानांना लहान गटांतील चर्चा, मिस्सा, पवित्र साक्रामेंताची आराधना आणि पापनिवेदन यांची जोड असते. हे कार्य मानसोपचारांना पर्याय नाही. आवश्यक तेथे समुपदेशकाची मदत घ्यावी, अशीच भूमिका आहे.

जखमा का राहिल्या?

सेवाकार्याच्या नावामागे योहानकृत शुभवर्तमानातील प्रसंग आहे. पुनरुत्थित येशू शिष्यांना भेटतो तेव्हा त्याच्या हातांवरील आणि कुशीतील जखमा तशाच असतात. संशयी थोमाला तो त्यांना स्पर्श करायला सांगतो. मृत्यूवर विजय मिळूनही व्रण पुसले गेले नाहीत, मात्र त्यांतून आता रक्त वाहत नाही, असा त्याचा अर्थ ख्रिस्ती परंपरा लावते. मानवी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या प्रेषितीय पत्राचा धागाही येथे जुळतो. बरे होणे म्हणजे काही घडलेच नाही असे होणे नव्हे, हा या विचाराचा गाभा. आईवडील पुन्हा एकत्र येणार नाहीत, बालपण परत मिळणार नाही. परंतु त्या दुःखाने यापुढे प्रत्येक नात्याचा निर्णय करू नये, एवढे साधता येते.

या भाषेत धोकाही आहे. दुःखाचे अवाजवी उदात्तीकरण झाले, तर माणूस आपली जखम हीच आपली ओळख मानू लागतो. सर्वच मुलांना घटस्फोटाचा असा घाव बसतो असे गृहीत धरले, तर ज्यांना तो बसलेला नाही त्यांच्यावर दुःख लादले जाते. विवाह अविच्छेद्य मानणाऱ्या चर्चकडे या विषयाकडे पाहण्याची स्वतःची दृष्टी आहे, हेही विसरून चालणार नाही. तरीही चर्चच्या शिकवणीत एक बाजू स्पष्ट आहे. जोडीदार किंवा मुलांना धोका असेल तर वेगळे राहण्याचा अधिकार चर्चचा कायदा देतो. मुलांच्या पालनपोषणासाठी वा कायदेशीर हक्कांच्या रक्षणासाठी दिवाणी घटस्फोट हाच मार्ग उरला असेल, तर तो घेणे पाप ठरत नाही.

‘मग मी कोण?’

कॅथलिक मुलांपुढील सर्वांत अवघड प्रश्न चर्चच्या न्यायासनातून निर्माण होतो. चर्च वैध विवाहाचा घटस्फोट मानत नाही. मात्र संमतीत मूलभूत उणीव असेल, तर तो विवाह मुळातच अवैध होता असे घोषित करू शकते. अमेरिकेत १९६८ मध्ये अशा घोषणा चारशेहून कमी होत्या. १९९० च्या दशकारंभी त्या वर्षाला साठ हजारांच्या घरात गेल्या आणि नंतर पुन्हा बऱ्याच घटल्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये ही प्रक्रिया सुलभ व कमी खर्चाची केली.

आईवडिलांना या निर्णयाने नव्या विवाहाची वाट मोकळी होते. मुलाच्या मनात मात्र वेगळीच शंका उभी राहते. तो विवाह नव्हताच, तर आपला जन्म कशातून झाला? चर्चच्या कायद्याचे उत्तर नि:संदिग्ध आहे. वैध समजून केलेल्या विवाहातून झालेली संतती औरसच असते; विवाह पुढे अवैध ठरला तरी तिचा दर्जा बदलत नाही. पण कलमाने शंका फिटली तरी हुरहुर उरते. आईवडिलांचे नाते हेच आपल्या अस्तित्वाचे उगमस्थान, ही जाणीव कायद्याहून जुनी आहे. त्यामुळे ईश्वराचे अपत्य असणे ही कोणत्याही निकालाने न बदलणारी पहिली ओळख आहे, यावर या सेवाकार्यात भर दिला जातो.

दुसरा पेच आईवडिलांचा मान राखण्याच्या आज्ञेचा. मान राखणे म्हणजे घडले ते योग्यच होते असे म्हणणे नव्हे आणि क्षमा म्हणजे पूर्ववत संबंध नव्हेत, असा विवेक येथे शिकवला जातो. प्रश्न अगदी व्यवहारातले असतात. नाताळ कोणाकडे करायचा? लग्नात दोघांना कोठे बसवायचे? लहानपणीच घर सोडून गेलेल्या वडिलांच्या म्हातारपणी सेवा कोणी करायची? शिबिर यांची तयार उत्तरे देत नाही. अपराधीपणाशिवाय निर्णय घेण्याचे बळ देण्याचा प्रयत्न करते.

भारतातील स्थिती

भारतातील ख्रिस्ती दांपत्यांना १८६९ चा घटस्फोट कायदा लागू आहे. परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात २००१ च्या दुरुस्तीने आली आणि पत्नीला अधिक जाचक असलेल्या अटीही तेव्हाच गेल्या. चर्चच्या न्यायासनाने विवाह अवैध ठरवला तरी त्याने दिवाणी विवाह संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये एका खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे या कायद्याखाली येणाऱ्या मुंबई-वसईतील कॅथलिक दांपत्याला पुनर्विवाह चर्चमध्ये करायचा असेल, तर बहुधा दोन न्यायासनांची पायरी चढावी लागते आणि त्यांच्या मुलाला दोन निकाल पचवावे लागतात. २००१ च्या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या वर्षांत ज्यांचे आईवडील विभक्त झाले, ती मुले आज विवाहाच्या वयाची आहेत.

विवाहपूर्व मार्गदर्शन वर्गांत वधूवरांना पैसा, अपत्ये, सासर-माहेर यांविषयी बोलते केले जाते. त्यातल्या एखाद्याने आपल्या घरी टिकलेला संसार पाहिलेलाच नसेल, तर त्याची भीती वेगळी असते आणि ती विचारल्याशिवाय बाहेर येत नाही. अमेरिकेतील प्रयोग जसाच्या तसा उचलण्याजोगा नसेलही. परंतु अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून मूल आईवडिलांच्या विभक्तपणातून आपोआप मोकळे होत नाही, ही त्यामागची साधी ओळख कोणत्याही धर्मग्रामाला, आणि कोणत्याही धर्माच्या कुटुंबाला, उपयोगी पडण्यासारखी आहे.