ईश्वरविज्ञान कोणाचे?

ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासपद्धतीवरचा लेख या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. मी बौद्ध आहे. ईश्वर आहे की नाही हा माझ्या विवंचनेचा विषय नाही. १९५६ साली बाबासाहेबांनी तो प्रश्न आमच्यापुरता निकालात काढला. माझा प्रश्न वेगळा आहे. एखादे शास्त्र कोणाच्या अनुभवाला पुरावा मानते आणि कोणाचा अनुभव अडगळीत टाकते? हा प्रश्न आपण साहित्याला विचारला, इतिहासाला विचारला. ईश्वरविज्ञानालाही तो विचारला गेला आहे आणि विचारणारे आपल्याच रक्तामांसाचे लोक आहेत. त्यांचा हा झगडा मराठी वाचकांना फारसा माहीत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

युरोपात अकराव्या शतकातल्या ॲन्सेल्मने श्रद्धेने घेतलेला समजुतीचा शोध असे या शास्त्राचे स्वरूप सांगितले. पुढे ते विद्यापीठाच्या शिस्तीत बसले. १८११ साली श्लायरमाखरने त्याचे तात्त्विक, ऐतिहासिक आणि व्यावहारिक असे तीन भाग पाडले. १८७८ साली वेलहाउझेनने मोशेची म्हणून मानलेली पाच पुस्तके वेगवेगळ्या काळांतील लिखाणांतून जुळवली गेली आहेत असे मांडले. या ऐतिहासिक चिकित्सेचे मोल मी कमी लेखत नाही. पवित्र ग्रंथदेखील माणसांनीच घडवलेला असतो, हे सांगण्याचे धैर्य तिच्यात होते. परंतु ग्रंथ कोणी लिहिला, कधी लिहिला, एवढेच हे पंडित विचारत राहिले. तो आज कोण वाचतो आहे आणि वाचणाऱ्याच्या पाठीवर कोणाचा पाय आहे, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हता.

हीच पद्धत मिशनऱ्यांबरोबर आपल्याकडे आली. श्रीरामपूर येथील महाविद्यालय १८१८ साली निघाले, १८२७ साली डेन्मार्कच्या राजाच्या सनदेने त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला. भारतीय विचारवंतांना पुढे वाटू लागले की ख्रिस्ती विचाराला भारतीय रूप दिले पाहिजे. हेतू चांगला होता. पण ‘भारतीय’ म्हणजे काय, हे कोणी ठरवले? काशीत वाढलेले चित्पावन ब्राह्मण नीलकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांनी षड्दर्शनांशी वाद घातला. बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय १८९१ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी त्रैक्याचा सिद्धान्त सच्चिदानंदाच्या भाषेत मांडला आणि वर्णाश्रमाचे समर्थनही केले. एकाने वेदान्त खोडला, दुसऱ्याने तो स्वीकारला. पण दोघांच्याही समोर बसलेला श्रोता एकच होता. तो शास्त्री होता. नारायण वामन टिळकांनी तुकोबांची वाट धरली, ती लोकांच्या अधिक जवळची. तरीही भारतीय ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचा मुख्य प्रवाह दर्शनांच्या आणि उपनिषदांच्या काठानेच वाहत राहिला.

आणि मंडळीत बसत कोण होते? १८७३ साली सियालकोटजवळच्या एका खेड्यातला दित्त नावाचा माणूस सॅम्युएल मार्टिन या अमेरिकन मिशनऱ्याकडे आला. जातीने चूहडा, पायाने अधू, धंदा कातड्यांच्या खरेदी-विक्रीचा. बाप्तिस्मा घेऊन त्याला लगेच गावी परतायचे होते. मिशनरी बिचकला, कारण नव्या ख्रिस्ती माणसाने मिशनच्या आवारात राहावे हा तेव्हाचा शिरस्ता होता. दित्त परत गेला. बायकोला, मुलीला आणि शेजाऱ्यांना त्यानेच शिकवले आणि काही महिन्यांनी त्यांना घेऊन आला. पुढे कातडी विकत घेत तो गावोगाव बोलत फिरला. पंजाबात १८८१ साली ख्रिस्ती लोक चार हजारांच्या आसपास होते. १९३१ साली ते चार लाखांच्या जवळ गेले. त्यांतले बहुसंख्य दित्तच्या जातीचे. तेलुगू आणि तमिळ मुलखांतही माला, मादिगा, परैयर असेच समूहाने गेले. मंडळी अस्पृश्यांची आणि तिचे ईश्वरविज्ञान शास्त्र्यांसाठी लिहिलेले, अशी ही विसंगती शंभर वर्षे चालली. दित्तने ख्रिस्ताविषयी काय सांगितले असेल, हे त्या काळच्या एकाही पंडिताला अभ्यासाचा विषय वाटले नाही.

आपल्याकडे मात्र दुसरी एक परंपरा होती. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये दोन भागांत छापला गेला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्मपुस्तकावाचून आहोत, मग आमचा धर्म कोणता ते देवा तूच सांग, असा तिचा सवाल आहे. मांग-महारांना इमारतीच्या पायात पुरल्याची, बायका उघड्यावर बाळंत होत असल्याची हकिकत ती त्या सवालाच्या जोडीला ठेवते. ती ख्रिस्ती झाली नव्हती. पण आधी यातना आणि मग त्या यातनेतून देवाला प्रश्न, ही रीत मला कोणत्याही विद्यापीठापेक्षा पुढची वाटते. १८७३ सालीच, म्हणजे दित्तच्या बाप्तिस्म्याच्या वर्षी, जोतिरावांचे ‘गुलामगिरी’ निघाले. ते त्यांनी अमेरिकेतील गुलामगिरी मोडणाऱ्यांना अर्पण केले आणि त्यात येशूला बळीराजाच्या मालिकेत बसवले. ईश्वरविज्ञानाच्या एकाही विभागाने या दोघांना आपले पूर्वज मानले नाही.

जोतिरावांनी ज्या अमेरिकेकडे पाहिले तिथल्याच गुलामांच्या वंशजांतून पुढे पद्धतीवर उघड हल्ला झाला. जेम्स कोन या काळ्या तरुणाने डॉक्टरेट मिळवली ती कार्ल बार्ट या स्विस पंडितावर. १९६७ साली डेट्रॉइट पेटले, तेव्हा ही विद्या आपल्या माणसांना कोणत्या कामाची, असा प्रश्न त्याला पडला आणि १९६९ साली त्याने काळ्या सत्तेच्या बाजूने आपले पहिले पुस्तक लिहिले. १९७१ साली पेरू देशातील गुस्तावो गुतिएरेस यांनी मुक्तीचे ईश्वरविज्ञान मांडले. आधी गरिबांच्या बाजूने कृती, मग तिच्यावर चिंतन, हा त्यांचा क्रम.

भारतात हा विचार आला तेव्हा इथल्या ख्रिस्ती विद्वानांनी वर्ग पाहिला, जात पाहिली नाही. हे बोट ठेवले अरविंद निर्मल यांनी. १९८१ साली बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मागणी केली. लवकरच ‘शूद्र’ शब्द मागे पडून ‘दलित’ आला. १९७२ च्या पँथरने तो शब्द रस्त्यावर तापवून ठेवला होता. १९८७ साली मद्रासच्या गुरुकुल विद्यालयात दलित ईश्वरविज्ञानाचा स्वतंत्र विभाग झाला आणि निर्मल त्याचे प्रमुख झाले.

निर्मल यांची पद्धत नीट पाहण्यासारखी आहे. अनुवादाच्या पुस्तकातील सव्विसाव्या अध्यायात इस्राएली माणूस आपला पूर्वज भटका अरामी होता, मिसरात छळला गेला, अशी कबुली देतो. तेथे निर्मल आपला दलित पूर्वज उभा करतात: गळ्यात थुंकीचे मडके, कमरेला पाऊलखुणा पुसणारी फांदी. आपले मूळ सांगण्यापासून श्रद्धेचे बोलणे सुरू होते, दर्शनांपासून नव्हे, हा त्यांचा पहिला मुद्दा. दुसरा मुद्दा असा, की वेदना हीच ज्ञानाची वाट आहे; सिद्धान्त आणि कृती तिच्या मागून येतात. तिसरा मुद्दा, की येशू स्वतः दलित आहे, आणि मंदिरातून सराफांना हुसकावणे म्हणजे बाहेरच्या अंगणात ठेवलेल्या परराष्ट्रीयांना उपासनेचा हक्क परत देणे. १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह ठाऊक असलेल्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेवटी ते म्हणतात, हे ईश्वरविज्ञान दलितांनीच करायचे. दलित साहित्य कोणी लिहावे या वादात आपण हेच बोललो होतो.

या वादाची किंमत किती, हे एका खटल्यावरून कळते. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने फक्त हिंदूंपुरता ठेवला. शिखांना १९५६ साली त्यात जागा मिळाली, आम्हा बौद्धांना १९९० साली; ख्रिस्ती दलितांना अद्याप नाही. मद्रासमध्ये रस्त्याकडेला चांभारकाम करणाऱ्या सूसै याला सरकारची फुकट टपरी नाकारली गेली, कारण तो ख्रिस्ती होता. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ साली निकाल लागला: धर्मांतरानंतर जात टिकते एवढे दाखवून भागत नाही, नव्या धर्मातही तोच जाच तितक्याच तीव्रतेने सोसावा लागतो, हे सिद्ध करणारा अधिकृत, तपशीलवार अभ्यास समोर ठेवलेला नाही. सूसै हरला. निकालाशी माझा मतभेद आहे. पण त्यातला आरोप विद्वानांनी अंगाला लावून घ्यावा. ख्रिस्त आणि वेदान्त यांवर कपाटे भरली होती आणि चांभार न्यायालयात उभा राहिला तेव्हा त्याच्या बाजूने ठेवायला पुस्तक नव्हते. जॉन वेबस्टर यांचा दलित ख्रिस्ती लोकांचा इतिहास १९९२ साली, म्हणजे सात वर्षांनी आला.

दलित ईश्वरविज्ञान टीकेच्या पलीकडे आहे असे मी मानत नाही. वेदना एकच असल्यासारखे ते बोलू लागले, तेव्हा आमची वेदना जातीबाहेरची आणि घरातलीही आहे, असे दलित स्त्रियांनी त्याला सुनावले. ते रास्त होते. १९९८ साली सत्यनाथन क्लार्क यांनी पुस्तकांऐवजी परैयरांचा ढोल हाच पाठ म्हणून अभ्यासला. पद्धतीच्या दृष्टीने हे मोठे पाऊल आहे. पण हलगीच्या बाबतीत आपल्याला ठाऊक आहे, की तेच वाद्य वेठही असते. मयताला वाजवणार नाही, असे म्हणणाऱ्या पोरांचा नकारदेखील पाठच आहे. तो न वाचता ढोलाचे कौतुक करणे धोक्याचे.

आणि बाबासाहेबांचा प्रश्न उरतोच. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखनात त्यांनी विचारले आहे, की मिशनच्या शिक्षणसंस्थांचा लाभ सवर्णांना का गेला आणि ख्रिस्ती झालेला अस्पृश्य अन्यायाविरुद्ध उभा का राहिला नाही. या प्रश्नाला पुस्तकातून उत्तर मिळणार नाही. दलितांसाठी वेगळी दफनभूमी ठेवणाऱ्या मंडळ्यांना जाब विचारूनच ते मिळेल.

मराठीत हे काम जवळजवळ सुरूच झालेले नाही. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर भागातल्या महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांत आजी-आजोबांच्या आठवणी आहेत, ‘ज्ञानोदय’चे जुने अंक आहेत, मंडळ्यांच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तिकडे पाठवावे. बौद्ध आणि ख्रिस्ती मुलांनी जोडीने जावे, कारण त्या वह्यांत दोघांचेही चुलते-मालते सापडतील. नाव, गाव, पाणवठा, कब्रस्तान, कोण कोणाच्या पंगतीला बसले, हे सारे तारखांसह लिहून ठेवावे. पुढचा सूसै न्यायालयाच्या पायऱ्या चढेल तेव्हा तो कागद त्याच्या हातात असला पाहिजे.