रद्दीतली रहस्यकथा



माझ्या लहानपणी किनवटच्या बाजारात शेंगदाण्याची पुडी सोडली की आतल्या कागदावर कधी कधी अर्धा खून सापडायचा! पुढे काय झाले, ते दुसऱ्या पुडीत. आणि ती पुडी कुणा भलत्याच्याच हाती गेलेली. आज बोलायचे आहे ते अशा पुस्तकांबद्दल.

या पुस्तकांची जात जगभर आहे. अमेरिकेत १८६० साली बीडल या प्रकाशकांनी दहा सेंट किमतीची कादंबरीमाला काढली. तिच्यातली पहिली कादंबरी ॲन स्टीफन्स या बाईंची, 'मॅलेस्का'. पुढे त्याच वाटेने घोडेस्वार, पिस्तुले आणि पश्चिमेकडची माळराने यांच्या गोष्टी निघाल्या. स्वस्तात छापायच्या, वाचायच्या नि फेकून द्यायच्या. आज तिकडचे हौशी लोक त्याच शोधत हिंडतात.

आपल्याकडेही अद्भुताची आवड जुनीच. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. पुढे गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी पोशाख चढवला. पण रहस्यकथा घरोघर नेली ती बाबूराव अर्नाळकरांनी. त्यांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६). मुंबईत चष्म्याचे दुकान सांभाळून या माणसाने हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. कथासूत्रे पुष्कळदा इंग्रजीतली. पण झुंजार, काळा पहाड आणि धनंजय हे वाचकाला आपल्याच गल्लीतले वाटले. १९७० नंतर मूळचे गोव्याचे गुरुनाथ नाईक हीच वाट जोमाने चालले.

आता आपल्या भागाकडे वळू. किनवट १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तालुका आदिलाबाद जिल्ह्यातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. निजामाच्या काळी कचेरी उर्दूची, वरच्या शिक्षणाची भाषाही उर्दूच. त्या पिढीतल्या माणसाला १९५२ साली अलाहाबादेत सुरू झालेली इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' सहज वाचता येई. मराठी शाळा वाढल्या, तसा मराठी रहस्यकथेला वाचक मिळाला. आम्ही मास्तर लोकांनी ही पुस्तके पोरांच्या दप्तरातून काढून घेतली, हे खरे. पण जोडाक्षराला अडखळणारे पोर 'पुढे काय?' या ओढीने दीडशे पाने संपवत होते, हेही तितकेच खरे. ते श्रेय आम्ही कधी दिले नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, अशा पुस्तकावर साल नसले तर ते ओळखायचे कसे? किंमत पाहा. आण्यांत असेल तर पुस्तक बहुधा १९५७ च्या आधीचे, कारण त्या वर्षी १ एप्रिलला दशमान नाणी आली. 'नवे पैसे' छापले असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचे. पुढे 'नवे' हा शब्द गळाला. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. मुद्रकाचे नाव जरूर टिपा. १८६७ च्या कायद्याने ते छापणे त्या काळी बंधनकारक होते. वाचनालयाचा शिक्काही पुसू नका. पुस्तक कुठे कुठे फिरले, त्याची ती साक्ष आहे.

या पुस्तकांचा वैरी त्यांच्याच पोटात आहे. हा कागद लाकडाच्या लगद्याचा. लाकडातले लिग्निन ऊन-हवेने पिवळे पडते, कागदातले आम्ल धागे कुरतडते, आणि पान दुमडताच तुटते. म्हणून पुस्तक सावलीत, कोरड्या जागी, आडवे ठेवा. चिकटपट्टी अजिबात लावू नका. तिचा डिंक पानात उतरतो. फाटके पुस्तक स्वच्छ कागदात गुंडाळून दोऱ्याने सैल बांधले, तरी पुरते.

काही वर्षांमागे एका वाचनालयाने जुनी पुस्तके रद्दीत काढली. मी पोचलो तेव्हा गठ्ठे काट्यावर चढले होते. "गुरुजी, याच्यात काय ठेवलंय? पाठ्यपुस्तकं थोडीच हायेत!" रद्दीवाला म्हणाला. त्याचे काय चुकले? वर्षानुवर्षे आम्हीही तेच म्हणत आलो होतो. थोर ग्रंथ कुठे ना कुठे जपले जातात. पण गावच्या माणसाने कंदिलाच्या उजेडात काय वाचले, ते सांगणारी ही पुस्तके कोण जपणार? ती गेली की आपल्या वाचनाचा अर्धा इतिहास गेला.

त्या दिवशी सहा पुस्तके हाती लागली. त्यांतल्या एकाची शेवटची आठ पाने नाहीत. खुनी कोण, ते मला अजून ठाऊक नाही. मंडळी, आज घरी गेल्यावर माळ्यावरची पेटी एकदा उघडून पाहा. कोण जाणे, ती आठ पाने तुमच्याकडेच असतील.