घोड्याचा आवाज येतो कुठून?

ब्रिटिश काळात ऑस्ट्रेलियातले 'वेलर' घोडे मुंबई बंदरात उतरत. लष्करासाठी घेतलेल्या या घोड्यांत आख्ते, म्हणजे खच्ची केलेले, बरेच असत. घोडा पळवून त्याचा दम तपासत. श्वासाबरोबर घरघर आली की त्याची किंमत घसरे.

ही धास्ती रास्त होती. दुसऱ्या शतकात गेलनने डुकराच्या मानेतील चेता बांधल्या, तेव्हा त्याचे ओरडणे थांबले. स्वरयंत्र चेतांच्या ताब्यात असते, हे त्यातून कळले. घोड्यात डावीकडची चेता छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालून पुन्हा गळ्याकडे येते. ती निकामी झाली की स्वरयंत्राची डावी बाजू नीट उघडत नाही आणि श्वास घेताना घरघर होते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत विल्यम्स आणि इंग्लंडमध्ये हॉबडे यांनी यावरची शस्त्रक्रिया रूढ केली.

पण आख्त्या घोड्याचा दुसराही एक आवाज असतो. दुडक्या चालीत पोटाखालून 'गुळुक-गुळुक' ऐकू येते. शिस्नावरच्या कातडीच्या पिशवीत हवा आतबाहेर होते म्हणून तो येतो, असे मानतात. पोटाचे स्नायू ताठ असले की तो वाढतो. एरवी तो निरुपद्रवी असतो.

मग दोन्ही ओळखायचे कसे? चौखूर दौडीत दर झेपेला एकच श्वास असतो, त्यामुळे तिथे फसगत होते. दुडक्या चालीत मात्र पाऊल आणि श्वास असे जखडलेले नसतात. बोर्डीच्या वाळूवर किंवा माथेरानच्या वाटेवर घोडा दुडकत गेला, तर विद्यार्थ्यांना मोजायला सांगा: आवाज पावलाबरोबर येतो, की श्वासाबरोबर?